धसई परिसरात ग्रंथवाचनासाठी उपकरण निवडण्याची शास्त्रोक्त रीत

मुरबाड तालुक्यातील धसई या गावाला उपकरणांचे वावडे नाही, हे आरंभीच नोंदवले पाहिजे. नोटाबंदीला महिना पुरा होण्याआधीच, १ डिसेंबर २०१६ रोजी, तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड घासण्याची यंत्रे पोहोचली. त्याच वर्षाच्या अखेरीस अ‍ॅमेझॉनने किंडल या आपल्या वाचनयंत्रावर मराठी पुस्तकेही आणली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नसला, तरी वडापावचे पैसे ज्या सुमारास तारेवाचून जाऊ लागले त्याच सुमारास मराठी कादंबरीही तारेवाचून येऊ शकली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही.

ई-रीडर म्हणजे केवळ पुस्तक वाचण्यासाठी घडवलेले उपकरण. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात, प्रत्येक कुपीत परस्परविरुद्ध विद्युत्भाराचे पांढरे व काळे कण तरंगत असतात, आणि विजेच्या इशाऱ्यासरशी त्यांपैकी एका रंगाचे कण वर येऊन अक्षर उमटते. या रचनेला ई-शाई म्हणतात. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही, ती मुख्यतः पान उलटताना खर्ची पडते. त्यामुळे एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस, बेताने वाचणाऱ्याकडे कित्येक आठवडेही चालते. मोबाइलचा पडदा मात्र प्रत्येक क्षणी स्वतः उजळत राहतो, आणि पावसाळ्यात पहिल्या वाऱ्याबरोबर गेलेली वीज परत येण्याची वाट वाचकासह त्याच्या मोबाइललाही पाहावी लागते.

तथापि निवडीचा खरा निकष पडदा नसून मालकी हा आहे. उपकरणांची तुलना करणारे तज्ज्ञ असे गृहीत धरतात की मोबाइल एका माणसाचा असतो. धसई परिसरातील घरात तो बहुधा अविभक्त कुटुंबाची मिळकत असतो. सकाळी त्यावर धाकट्याचा अभ्यास येतो, दुपारी आत्याच्या नणंदेच्या मुलीची लग्नपत्रिका येते, संध्याकाळी तो कल्याणहून येणारी एसटी कुठवर आली हे विचारण्यासाठी लागतो, आणि खरिपात ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे शेतात उभे राहून पिकाचा फोटो सरकारी अ‍ॅपवर चढवण्यासाठी, तो बांधावर जातो व तेथे रेंज शोधत फिरतो. वाचकाच्या वाट्याला तो येतो रात्री, चार्जिंगला लागल्यावर. आणि चार्जरची वायर आखूड असल्याने वाचकाला कादंबरीचा उत्तरार्ध भिंतीला कान लावल्याच्या आसनात पुरा करावा लागतो. हे आसन कोणत्याही योगग्रंथात नाही, तरी नवशिक्याने ते आधी साधून घ्यावे.

ई-रीडर घरात आणणाऱ्याने निराळ्या प्रसंगाची तयारी ठेवावी. घरातील वडीलधारी व्यक्ती यंत्र उलटेसुलटे करून पाहते आणि विचारते, “यात फोन लागतो का रे?” नाही, असे उत्तर द्यावे. “व्हिडिओ?” तोही नाही. “मग दुकानदाराला परत दे, बिघडलेला दिलाय.” या ठिकाणी वाद घालू नये. दुसरे काही धड करता न येणे हाच या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा कल त्याच्याकडे झुकतो तोही याच कारणाने. जे यंत्र कोणीही मागत नाही, ते रात्री जिथे ठेवले तिथेच सकाळी सापडते.

मराठी वाचकाची पुढची परीक्षा पीडीएफ या प्रकाराने होते. पीडीएफ म्हणजे छापील पानाची मांडणी जशीच्या तशी गोठवणारी फाइल. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थेने मराठी पुस्तके या रूपात विनामूल्य वाटून वाचकांवर उपकार केले आहेत यात शंका नाही. परंतु मोठ्या कागदासाठी मांडलेले पान सहा इंची पडद्यावर उतरले की अक्षरांच्या मुंग्या होतात, आणि त्या मोठ्या करू जाता ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. यावर उपाय म्हणजे यंत्र आडवे धरून पान तुकड्यातुकड्यांनी वाचणे. दुसरा उपाय फाइलचे रूपांतर करण्याचा आहे, मात्र तो जपून करावा, कारण पुस्तक जुन्या फॉन्टमध्ये बसवलेले असेल, म्हणजे अक्षरांना युनिकोड हे सर्वमान्य क्रमांक दिलेले नसतील, तर रूपांतरानंतर पडद्यावर कंस, टक्केचिन्हे आणि रोमन अक्षरे यांची रांग उभी राहते. वाचकाने तिला नवकविता समजून दाद देऊ नये. जिथे मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप वाहतो, तो ईपब हा प्रकार मिळत असल्यास तोच घ्यावा.

पावसाळी रात्रीचा विचार वेगळा करावा लागतो. वीज गेलेल्या घरात मोबाइल उघडताच आसपासची चिलटे आणि पंख फुटलेली वाळवी त्या एकमेव उजेडावर येऊन आदळतात, आणि वाचक परिच्छेद सोडून हात हलवू लागतो. ई-रीडरचा दिवा मंद करता येतो, पण काही जुन्या यंत्रांत वेगळीच अडचण आहे: त्यांच्या पडद्यावरून अवरक्त किरणांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची, जाळी गेलेली असते, ती कुठे अडली की पान उलटते, आणि अडवणारे वाचकाचे बोट आहे की टेकलेले पाखरू हा भेद तिला करता येत नाही. अशा रात्री रहस्यकथा वाचू नये; खुनी कोण हे पाखराला आधी कळते.

राहिला प्रश्न विकत घेतलेला ग्रंथ आपला होतो काय, हा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या काही प्रती, विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या आणि त्यांचे पैसे परत केले. ज्या कादंबरीत सत्ताधारी नकोसा मजकूर नाहीसा करत असतात, नेमकी तीच नाहीशी झाल्याने त्या वेळी बरीच ओरड झाली. छापील पुस्तकाचे पुरस्कर्ते हा दाखला फार आनंदाने देतात. त्यांच्या माहितीसाठी इतकेच नमूद करणे आवश्यक आहे की छापील पुस्तकही गणपतीला आलेला पाहुणा ‘वाचून देतो’ म्हणून नेतो, तेही परत येत नाही, आणि पाहुण्याने पैसे परत केल्याचे ऐकिवात नाही.