गाडीचा चातुर्मास

आमच्या सोसायटीत एक पीएम राहतात. नवीन भाडेकरूला हे सांगितलं की तो दचकतो. कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला मात्र काही समजावून सांगावं लागत नाही. पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. मशीन आपलं आपण बंद पडण्याआधी आपणच ते बंद करायचं, उघडायचं, पुसायचं, तेल घालायचं आणि होतं तसं लावून ठेवायचं. साहेबांनी आधी भोसरीत आणि मग चाकणला मिळून तीस वर्षं याच खात्यात काढली. त्यामुळे बंद पडलेल्या वस्तूबद्दल त्यांना फारसं प्रेम नाही. चालू असलेली वस्तू दिसली की मात्र त्यांच्या पोटात कालवाकालव होते.

असा गृहस्थ निगडीपासून मोशीपर्यंत प्रत्येक पार्किंगमध्ये एक तरी असतो. ओळखायची खूण सोपी. त्याच्या गाडीवर कव्हर असतं, कव्हरखाली जुनी चादर असते आणि चादरीखाली सीटवर शोरूमचं प्लास्टिक शाबूत असतं.

आमच्या पीएम साहेबांकडे हीरोची इम्पल्स आहे. हीरो आणि होंडा 2011 मध्ये वेगळे झाले, त्याच वर्षी ही गाडी आली. चिखल, दगड, डोंगरवाटा तुडवायला बनवलेली उंच, दीडशे सीसीची डर्ट बाइक. लोकांना तेव्हा तिची फारशी गरज वाटली नाही, काही वर्षांनी ती बंदही झाली. साहेबांना मात्र ती पाहताक्षणी आवडली. तिच्यावर बसून कुठे जाता येईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. तिच्या खाली स्टूल टाकून बसता येतं, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

चाकणच्या रस्त्यांवरचे खड्डे पाहिले, तर अशी गाडी याच पट्ट्यासाठी बनवली असावी असं वाटतं. पण साहेब कामावर कंपनीच्या बसनं जातात. "त्या रस्त्यानं गाडी न्यायची? सस्पेन्शनचं काय होईल?" असं ते खरोखर विचारतात.

तर या इम्पल्सचा चातुर्मास असतो. देव आषाढी एकादशीला झोपतात, इम्पल्स त्याआधीच झोपते. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला यायच्या आत गाडी झोपली पाहिजे, हा दंडक. उठायची ती दसऱ्याला. यामागे शास्त्र आहे. थंड देशांत असल्या गाड्या बर्फ पडायच्या आधी चार-पाच महिने बांधून ठेवतात, आणि ते कसं करायचं याची सविस्तर कृती असते. ती साहेबांनी कुठून तरी मिळवली. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटेच्या शिफ्टला मफलर, एवढंच. तेव्हा त्यांनी लाल पेननं 'हिवाळा' खोडून 'पावसाळा' लिहिलं, खाली सही केली, 'रिव्हिजन 1' असा शेरा मारला आणि कागद लॅमिनेट करून मीटरच्या खोलीत टांगला.

मृगाच्या आधीचा गुरुवार. पिंपरी-चिंचवडमध्ये रविवार गुरुवारी येतो, कारण एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सकाळी आठला साहेब खाली उतरतात. पायात सेफ्टी शूज. पार्किंगच्या चार खांबांना पिवळी-काळी पट्टी बांधलेली. एका बाजूला वाळूची बादली, दुसऱ्या बाजूला आग विझवायचा सिलिंडर. वॉचमनला समोर उभं करून पाच मिनिटं टूलबॉक्स टॉक: विडी नाही, मोबाइल नाही, पेट्रोलच्या जवळ कुणालाही येऊ द्यायचं नाही. वॉचमन मान डोलावतो. गेली काही वर्षं हे भाषण त्याला इतकं पाठ झालंय की साहेब खोकले तर पुढचं वाक्य तो म्हणतो.

मग कुदळवाडीच्या भंगारातून अँगल आणून वेल्डिंग केलेल्या स्टँडवर गाडी चढते. भिंतीवर फळी आहे, तिच्यावर प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवलेली. दहा-अकराचा पाना उचलला की खाली दहा-अकराच्या पान्याचं भूत दिसतं. एकदा काकूंनी त्या फळीवर झारा अडकवला, तर संध्याकाळपर्यंत साहेबांनी झाऱ्याचीही आकृती रंगवून टाकली.

पहिलं काम टाकीचं. कॉकचा पाइप काढून उरलंसुरलं पेट्रोल कॅनमध्ये. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन ते उजेडाकडे धरतात आणि डोळे बारीक करून तळ बघतात. बघणाऱ्यानं इथे "काय बघताय?" असं विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं.

"पाणी," साहेब म्हणाले. "आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल येतं कशातून? बरंचसं उसातून. आणि ऊस म्हटला की पाणी आलंच! शेतात असताना पितो, टाकीत आला तरी पितो. सवय जात नाही."

थट्टा बाजूला ठेवली तर मुद्दा खरा आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्याचे चार महिने, अर्धी रिकामी टाकी आणि आत कोंडलेली दमट हवा असा योग जुळला, की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याशी संसार थाटतं आणि दोघं टाकीच्या तळाशी बिऱ्हाड करतात. इंजिनला पेट्रोल मिळतं ते तळातूनच. वर पत्र्याला गंज चढतो तो वेगळा. 2023 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर या मिश्रणाला टिकतील असे बनवतात. इम्पल्स त्याच्या बारा वर्षं आधीची. म्हणून साहेब दर वर्षी तिचा पेट्रोलचा पाइप बदलतात आणि जुना, अजिबात खराब न झालेला पाइप तारखेची चिठ्ठी लावून जपून ठेवतात.

टाकी रिकामी ठेवायची की फुल्ल, यावर दोन पंथ आहेत. साहेब फुल्लवाले. टाकी पत्र्याची असेल तर ताजं पेट्रोल काठोकाठ भरायचं, म्हणजे आत हवेला जागा नाही, ओलीला नाही आणि गंजालाही नाही. त्यात मापानं स्टॅबिलायझर टाकायचं आणि गाडी दहा मिनिटं चालू ठेवायची, म्हणजे औषध टाकीतून कार्बोरेटरपर्यंत उतरतं. समोरच्या इमारतीत एक रिकामीवाले आहेत. दोघांचं बोलणं बंद आहे.

यानंतरचा प्रसंग मात्र हृदयद्रावक. चालू गाडीचा कॉक साहेब बंद करतात. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये असतं ते पेट्रोल चहाच्या कटिंगपेक्षाही कमी. तेवढ्यावर इंजिन काही मिनिटं तग धरतं. मग आवाज वर जातो, खाली येतो, आचके लागतात. साहेब घड्याळाकडे बघत उभे. शेवटचा एक हुंदका, आणि शांतता. साहेब बाउलच्या खालचा स्क्रू सैल करतात, उरलेले चार थेंबही काढून घेतात. मग प्लग काढून त्या भोकातून इंजिनात चमचाभर तेल सोडतात आणि टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू हातानं फिरवतात, म्हणजे तेल सगळीकडे लागतं. मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल घालतात, तसाच तो हात असतो. वॉचमननं एकदा टोपी काढलेली मी पाहिली आहे. शेवटी सायलेन्सरच्या तोंडात तेलकट फडक्याचा बोळा. तो उंदरांसाठी.

वरच्या मजल्यावरून काकू हे सगळं बघतात. "एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची घेतली असती," त्या म्हणतात, "तर मी या वर्षी पंढरपूरला चालत गेले असते."

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा केटीएम चालवतो. चाकणलाच बनलेली. तो पावसाळ्यात दर गुरुवारी पहाटे लोणावळा, ताम्हिणी असा कुठे तरी जाऊन चिखलानं माखून येतो. त्याची गाडी इंजेक्शनची. पेट्रोल किती सोडायचं ते तिचा संगणक ठरवतो, पंप टाकीच्या पोटात. तिथे उघडायला बाउल नाही, बंद करायला कॉक नाही. या गोष्टीची साहेबांना मनापासून कीव येते.

"काका, पावसातच तर मजा असते!" तो एकदा म्हणाला.

"तुझी मजा," साहेब म्हणाले. "गाडीला विचारलंस?"

मग खालच्या आवाजात त्यांनी त्याला सल्लाही दिला. इंजेक्शनची गाडी उभी करायची असेल तर टाकी कधी कोरडी पाडू नकोस, पेट्रोलमध्ये बुडलेला पंपच थंड राहतो. औषध घालून टाकी भर आणि बॅटरीची वायर काढ. मुलगा म्हणाला, पण मी उभी करणारच नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरून ढग सरकून गेल्यासारखं झालं.

हसायला ठीक आहे, पण एका वर्षी माझीच फजिती झाली. माझी जुनी स्कूटर जूनपासून झाडाखाली भिजत होती. दसऱ्याला तिला हार घालायला गेलो, तर सुरू होईना. ज्या गावात चेतक बनली त्या गावच्या रिवाजाप्रमाणे मी तिला आडवीही करून पाहिली. चेतक तशी चालू व्हायची, ही नाही झाली. साहेब आले. त्यांनी कार्बोरेटर उतरवला, बाउल उघडला. आत हिरवट-पिवळा चिकट थर, तळलेल्या कढईच्या बुडाला असतो तसा. पेट्रोलमधलं हलकं ते उडून जातं, जड ते असं डिंकासारखं मागे राहतं. मग पितळेचा छोटा पायलट जेट काढून त्यांनी आकाशाकडे धरला. "दिसतंय काही?" नाही दिसलं. "दिसलं पाहिजे. केसाएवढं भोक असतं."

मी स्कूटरच्या केबलची एक तार काढून पुढे केली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो. "तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. मग गाडी जन्मभर जास्त पिते." क्लीनर फवारून, फुंकर मारून, पुन्हा फवारून अर्ध्या तासानं त्या भोकातून आभाळाचा एक ठिपका दिसला. स्कूटर सुरू झाली. साहेबांनी पैसे घेतले नाहीत, फक्त रजिस्टरमध्ये माझी सही घेतली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: मालकाचा निष्काळजीपणा.

दसऱ्याला इम्पल्स उठते. बोळा निघतो, नवा प्लग लागतो, चार महिन्यांचं पेट्रोल काढून ताजं भरलं जातं. झेंडूचा हार, हळदीकुंकू, आणि बटण दाबल्याबरोबर पहिल्या फटक्यात इंजिन बोलतं. बारा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. साहेब हेल्मेट चढवतात आणि सीमोल्लंघनाला निघतात. सोसायटीच्या गेटपर्यंत जातात, गेट ओलांडतात, मेडिकलच्या दुकानापाशी वळतात आणि परत येतात. "पुढे खडी टाकलीय," ते म्हणतात.

आता हिशेब. रजिस्टर साहेबांचं आहे, म्हणजे आकड्यांत चूक नाही. बारा वर्षांत इम्पल्स 4,100 किलोमीटर चालली, म्हणजे लिटरला 45 धरले तर तिनं जाळलं साधारण 91 लिटर. उलट मृगाला उरलेलं तीन-साडेतीन लिटर आणि दसऱ्याला अख्खी अकरा लिटरची टाकी, असं दर वर्षी काढलेलं पेट्रोल धरलं तर ते होतं जवळजवळ दुप्पट. ते काही गटारात जात नाही. "धावत्या गाडीत ताज्याबरोबर मिसळलं तर चालतं, उभ्या गाडीत नको," असं सांगून साहेब ते गाळून आमच्यात वाटून टाकतात. त्या दोन्ही दिवशी पार्किंगमध्ये बाटल्या घेऊन रांग असते. केटीएमवालाही असतो.

इम्पल्सनं अजून डोंगर पाहिलेला नाही. पण तिच्या टाकीतल्या पेट्रोलवर आमची अख्खी सोसायटी भंडारा डोंगर चढून आली आहे.