रा. रा. स्टेपराव यांस, आसेगावहून

रा. रा. स्टेपराव यांस,


पत्रलेखकाचा मुक्काम आसेगाव, जिल्हा वाशीम. सोयाबीनच्या मळणीयंत्राच्या ड्रमचं डिझाइन त्याने बाहेरून मागवलं आणि स्टेप नावाच्या त्रिमितीय आराखड्याच्या फाइलच्या रूपाने आपण त्याच्या संगणकात अवतरलात. काय ते रूप! दात, शाफ्ट, वेल्डिंगच्या कडासुद्धा जागच्या जागी. वजन विचारलं, तर म्हणालात 8 किलो.

तोच ड्रम भुसार दुकानाच्या काट्यावर 62.8 किलो भरला होता. उचलणाऱ्या दोन्ही पोरांनी नंतर कंबर धरली.

झालं असं, की आकार आपण आणलात आणि पोलादाची घनता वाटेतच विसरलात. रकाना रिकामा पाहून सॉफ्टवेअरने गुपचूप पाण्याची घनता घातली, घनमीटरला 1000 किलो. पोलादाची 7850. म्हणजे पडद्यावर दात असलेलं 8 लिटर पाणी गरगरत होतं, आणि कुठे लाल अक्षरात एक ओळ नाही!

पत्रलेखकाला तपासायचं होतं एवढंच, की ट्रॅक्टरचा पीटीओ (यंत्राला गती देणारा दांडा) सोडल्यावर ड्रम किती वेळात थांबतो. आपल्या हिशेबाने 2 सेकंदांत. बेअरिंगचं घर्षण तेवढंच ठेवून खरी घनता भरली, तर जवळपास पावणेसोळा. मधल्या पावणेचौदा सेकंदांत काय होतं, ठाऊक आहे? ड्रम थांबला असं समजून माणूस अडकलेलं काड ओढायला हात घालतो. असे इतके हात गेले, की 1983 साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. आणि आपण 8 किलो सांगता! लाज वाटते का काही?

बाकी तक्रारी किरकोळ. आपले चुलतबंधू, म्हणजे एसटीएल फाइलवाले एसटीएलराव, एकक सांगतच नाहीत. मिलिमीटरचे मीटर झाले, तर हाच ड्रम 6 कोटी 28 लाख टनांचा. पृष्ठभागाची शिवण उसवली की वस्तुमान शून्य, पृष्ठभाग उलटे आले की चक्क उणे. उणे वजनाचं लोखंड भंगारवालाही घेणार नाही.

(एककांच्या घोळात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाशी गमावलं गेलं. एका बाजूचा हिशेब पाउंडात, दुसरीचा न्यूटनात. तेव्हा आसेगावने फार मनाला लावून घेऊ नये.)

एवढं बोलून झाल्यावर पत्रलेखकाने आपल्याला नोटपॅडमध्ये उघडलं आणि जीभ चावली. मिलिमीटरची ओळ आपण इमानाने आणली होती. आपलं आयएसओ 10303 हे मानक 1994 सालचं. तेव्हापासून जे हाती दिलं ते पोचवणं, एवढंच आपलं काम. धातू कोणता, हे पाठवणाऱ्याने आपल्या हाती दिलंच नाही आणि घेणाऱ्याने विचारलं नाही. हा घेणारा म्हणजे पत्रलेखक स्वतः. वरचा लाजेचा प्रश्न त्यालाही लागू.

सध्याचा रिवाज असा: फाइल आली की आधी घनफळ बघायचं, उणे किंवा शून्य निघालं तर दारातूनच परत. मग धातू नेमून द्यायचा. बेअरिंग भरीव गोळा म्हणून आलं असेल, तर त्याचं वजन कॅटलॉगातून हाताने भरायचं. आणि वस्तू हाताशी असेल तर दुकानात नेऊन काट्यावर ठेवायची. काटेवाला चहा मागतो, तेवढा खर्च धरावा.

कळावे, लोभ असावा.

सोबत: काट्याची पावती, 62.8 किलो.