एलेस्टी तात्या

प्रत्येक गावात असा एक माणूस असतो, की ज्या गोष्टीत त्याने जन्मात पाय ठेवलेला नाही, नेमका तिचाच तो जाणकार असतो. आमच्या वेंगुर्ल्यात तो मान तात्यांचा. उभी नोकरी एस.टी.त, त्यातली शेवटची बारा वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत. आणि विषय? रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी आरमारी जहाजं. नौदलात त्यांना एल.एस.टी. म्हणतात. तात्यांच्या मते त्यातलं ‘एल’ फुकटचं.

“समुद्रातली एस्टीच ती! दिसायला डबा, वेग ताशी वीस किलोमीटर, आत खच्चून भरलेली, आणि जिथे धक्का नाही की बंदर नाही तिथे मुक्कामी.”

तरुणपणी तात्या नौदलाच्या भरतीला गेले होते. तळपाय सपाट म्हणून परत आले. पुढे कुठेतरी वाचलं, की एल.एस.टी.चा तळही सपाटच. त्याशिवाय ती वाळूवर चढायचीच नाही. “तिचो तळ सपाट म्हणान ती पास, आणि माजो सपाट म्हणान मी नापास!” एरवी तात्या शुद्ध बोलतात, दुःख मात्र त्यांना मालवणीशिवाय सांगता येत नाही.

टपरीवर कोणी नवखा सापडला की प्रात्यक्षिक सुरू. बशी म्हणजे जहाज, दुमडलेलं वर्तमानपत्र म्हणजे किनारा, ग्लुकोज बिस्किट म्हणजे रणगाडा. “भर समुद्रात टाक्यांत पाणी घ्यायचं, म्हणजे ती नीट बसते. किनारा आला की पाणी बाहेर, ती हलकी. मागे नांगर टाकून ठेवायचा, कारण आत शिरताना बाहेर पडायचा विचार आधी करावा लागतो. आमच्या डेपोत नाही करत कोणी.” बशी वर्तमानपत्रावर चढते, तोंडाची दारं उघडतात, बिस्किट उतरतं. नवखा ते खातो. तात्यांना त्यात रणगाड्याचा अपमान दिसतो.

मग इतिहास. 1940 साली डंकर्कहून इंग्रजांनी माणसं परत आणली, रणगाडे तिथेच टाकले. परत जायचं तर रणगाड्यांसकट जायला हवं, या चिंतेतून आधी व्हेनेझुएलातल्या उथळ पाण्यात चालणाऱ्या तेलाच्या बोटी कापून-जोडून पाहिल्या. पुढे अमेरिकेने हजारावर एल.एस.टी. बांधल्या, त्यातल्या कितीतरी समुद्रापासून शेकडो मैल आत, नदीकाठी. 328 फूट लांबी, 50 फूट रुंदी. त्यांवरचे खलाशी त्यांना ‘लार्ज स्लो टार्गेट’ म्हणत: मोठं, मंद आणि मारायला सोपं. “लाल डबा म्हणणारे सगळीकडे असतात,” तात्या म्हणतात. “पण इवो जिमाच्या डोंगरावरच्या त्या जगप्रसिद्ध फोटोतला झेंडा कुठून नेला? 779 नंबरच्या गाडीतून!”

गाडीच म्हणतात ते. कारण युद्धभर त्या जहाजांना नावंच नव्हती, नुसते नंबर. नॉर्मंडीला नंबर, सिसिलीला नंबर. नावं दिली 1955 साली, तीही अमेरिकेतल्या काउंट्यांची. म्हणजे आपल्या हिशेबी जिल्ह्या-तालुक्यांची. तात्यांना हे फार आपलं वाटतं. “फेरी संपून दहा वर्षं झाल्यावर पाटी लावली!”

आपल्याकडे मात्र पाटी आधी. 1949 साली इंग्रजांची 3011 नंबरची एल.एस.टी. आली, तिचं नाव ‘मगर’ ठेवलं. मग ‘घडियाल’, ‘घोरपड’, ‘कुंभीर’. पाण्यातही आणि जमिनीवरही वावरणारी जनावरं, यात तात्यांना नाव ठेवायला जागा नाही. ‘घोरपड’ तर खास: कड्याला चिकटणारी, सिंहगडवाली. अडतं ते ‘गुलदार’शी. गुलदार म्हणजे बिबट्या. “बिबट्याचं पाण्यात काय काम?” यावर त्यांनी एक अर्ज लिहून ठेवला आहे. पाठवायचा कोणाला, ते ठरत नाही.

1971च्या डिसेंबरात ‘घडियाल’ आणि पहिली ‘गुलदार’ कॉक्सबाजारला गेल्या. किनाऱ्याआधी वाळूचा बांध लागला, त्यापुढे पाणी पुन्हा खोल. उतरलेल्यांपैकी काही जवान बुडाले. हे सांगताना तात्या बिस्किट वापरत नाहीत. बशी उचलून कपाखाली ठेवतात.

दुसरी ‘गुलदार’ जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं, आणि 2025 साली कारवारहून ओढून तिला विजयदुर्गला आणलं. तात्या पहाटेच्या एस.टी.ने निघाले. गाडी वाटेत बंद पडली, दुसरीत उभ्याने गेले. पोचल्यावर दोन तास ते जहाजाच्या तोंडाची दारं बघत बसले होते. चपला काढून, सपाट पाय गार फरशीवर टेकून.

घरी त्यांचं जुन्या नोंदवहीसारखं एक रजिस्टर आहे: गाडी, मार्ग, आगमन, प्रवासी, शेरा. ग्रीसहून म्हाताऱ्या खलाशांनी 2001 साली अमेरिकेला परत नेलेल्या 325 नंबरपुढे लिहिलंय, “चालक-वाहक निवृत्त. तरी गाडी वेळेवर मानावी.” तात्या विजयदुर्गहून परतले त्या रात्री मी त्यात नवी ओळ पाहिली. गाडी: गुलदार. मार्ग: कारवार–विजयदुर्ग–निवती. प्रवासी: मासे. शेरा: वरचा अर्ज रद्द.