शनिवार-रविवारची सेवा

अहो वहिनी, कपडे नंतर वाळत घाला, आधी भिंतीपाशी या. रात्री आमच्या दारात कुणाची गाडी थांबली होती, तेच विचारायचंय ना? पडदा हललेला दिसला मला! भाचा आला होता गच्चीबावलीहून, रात्री दीड वाजता. डोळे तांबारलेले, शर्ट चुरगळलेला. तुमच्या मनात जे आलं तेच आधी माझ्याही आलं. पण तसलं काही नाही. पोरगा शुक्रवार संध्याकाळपासून संगणकापुढे बसून होता. कंपनीच्या नाही, एका सेवाभावी संस्थेच्या कामाला. फुकट.

हौ, फुकटच! बारा-चौदा जण जमतात म्हणे, दोन दिवसांत संस्थेला सॉफ्टवेअर करून देतात आणि सोमवारी आपापल्या कचेरीत. हे खूळ तसं जुनंच. २००७ साली अमेरिकेत डॅलसला ‘गिव्हकॅम्प’ नावानं सुरू झालं. शुक्रवारी संध्याकाळी जमायचं, तिथंच पथाऱ्या टाकायच्या, रविवारी दुपारी काम संस्थेच्या हाती द्यायचं. पुढे २००९ला गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि जागतिक बँक एकत्र आले आणि संकटाच्या वेळी उपयोगी पडेल असं काही करायला जगभरच्या पोरांना बसवू लागले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी हो ती!

आपल्याकडे जेपी मॉर्गनवाले ‘कोड फॉर गुड’ भरवतात. संस्था आपली अडचण मांडतात, इंजिनिअरिंगची पोरं रात्रभर जागून तोड काढतात, आणि चमकली तर त्याच कंपनीत घेतात. आता पोरं तिथं सेवेला जातात की नोकरीला? मी म्हणते, दोन्हीला. त्यात वाईट काय? आपल्या वेळी लोक गणपतीच्या वर्गणीला फिरायचे तेही काय निव्वळ भक्तीनं?

कंपन्या नाव करून घेतात म्हणता? घेतात की. पण माणसांचे फुकट तास पैशात मोजून सीएसआरच्या, म्हणजे कायद्यानं समाजकार्यावर खर्चायच्या, दोन टक्क्यांत दाखवता येत नाहीत, असं सरकारनं २०२१मध्ये स्पष्ट केलंय. बँकेत जन्म गेला माझा, असल्या गोष्टी मी आधी बघते.

माझा राग निराळाच आहे. मी दुपारी अनाथ मुलींच्या ज्या संस्थेचे हिशेब बघायला जाते ना, तिथंही आली होती अशीच पोरं, मागं एकदा. गोड होती, उस्मानिया बिस्किटांचे डबे घेऊन आली. दोन दिवसांत झकपक अ‍ॅप उभं केलं, मुलींचे फोटो, देणगीचं बटण, सगळं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. महिन्याभरात बटण दाबलं की नुसतं चक्र फिरायला लागलं. पासवर्ड ज्याच्याकडे, तो पोरगा अमेरिकेला गेलेला. कुणाला विचारणार? आम्ही आपले पुन्हा पावतीबुकावर.

आणि आम्हाला अ‍ॅप हवं होतं कुठं? आमचा जीव जातो तो ३१ मेला. आयकर खात्याकडे १०बीडी नावाचा फॉर्म भरावा लागतो. वर्षभरात कुणी किती देणगी दिली, त्याचं नाव, पत्ता, पॅन, सगळं. २०२१-२२च्या देणग्यांपासून हे सुरू झालं. ते भरल्यावरच देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असेल तरच त्याला ८०जी कलमाची करसूट. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. आता सांगा, कार्बनच्या पावतीबुकातनं पुसट अक्षरातले पॅन वाचत बसायचं आम्ही, आणि पोरं आम्हाला फिरतं चित्र करून देणार!

म्हणून या खेपेला भाच्याला आधीच बजावलं. काय हवंय ते मंचावरच्या अध्यक्षांना नको, पावती फाडणाऱ्या बाईला विचार. तर हा खरंच, ज्यांचं काम करत होता त्या संस्थेच्या कारकूनबाईंशेजारी सकाळभर बसून होता. काय केलं म्हणाल तर एक साधी एक्सेल. पावती लिहिली की नाव यादीत पडतं, पॅनचं एखादं अक्षर कमी असलं तर रकाना लाल होतो. बाकीच्यांनी हसून घेतलं म्हणे, यात कसलं सॉफ्टवेअर! बाईंनी मात्र त्याला डबा बांधून दिला. गोंगुऱ्याची चटणी होती, निम्मी मी काढून ठेवलीय, देते तुम्हाला.

चांगली उदाहरणंही आहेत, नाही कशी? २००४च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी ‘सहाना’ नावाचं सॉफ्टवेअर थोड्या दिवसांत उभं केलं. हरवलेली माणसं, छावण्या, मदतीचं सामान, सगळ्याची नोंद. पुढे पाकिस्तानच्या भूकंपात वापरलं, २०१०ला हैतीतही. टिकलं, कारण करणारे नंतरही त्याच्यामागे राहिले आणि ते कुणालाही उघडून दुरुस्त करता येत होतं. आपल्या हैदराबादेतले ‘स्वेच्छा’वाले तेच सांगतात, सॉफ्टवेअर खुलं ठेवा. तेलुगूत संगणक आणायला किती वर्षं खपले ते! शनिवार-रविवारी आटपणारं काम नव्हे.

आणखी एक. अनाथ मुलींची नावं, फोटो, आजारांचे कागद कुणाच्या घरच्या लॅपटॉपवर जाता कामा नयेत. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी एवढं कळायला हवं.

तुमची सून माधापूरलाच आहे ना? तिला सांगा, जा म्हणावं, जरूर जा. पण लागोपाठ दोन रात्री जागण्यापेक्षा वर्षभर महिन्याचा एक शनिवार दे. आणि निघताना पासवर्ड संस्थेच्या वहीत लिहून ये.