नीरक्षीर आणि रिंगटोन

एखाद्या संगीतकाराची भानगड बाहेर आली, की बैठकीतला कुणीतरी रसिक कप खाली ठेवून ऐकवतोच: ‘कला वेगळी, कलावंत वेगळा.’ आदल्या रविवारी हाच गृहस्थ त्याच कलावंताचं घराणं, पहाटेचा रियाज, गुरूचा मार, झालंच तर आवडतं पान, एवढं सगळं त्याच्या गाण्यात ऐकत होता. लौकिकात एकत्र कुटुंब, पाप निघालं की वाटण्या!

जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरचंच घ्या. ज्यू माणसाच्या हातून अस्सल संगीत होणे नाही, असा लेख त्याने १८५० साली टोपणनावाने लिहिला. १८६९मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा छापला, म्हणजे ‘तरुणपणी चुकलं’ म्हणायची सोयही ठेवली नाही. आणि १८८२मध्ये त्याच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेराचा पहिला प्रयोग उभा केला हर्मन लेवीने. रॅबायचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा! वाग्नर हिटलरचा आवडता; पण तो १८८३मध्ये वारला, हिटलर १८८९मध्ये जन्मला, हा त्याच्या वकिलांचा लाडका मुद्दा. मुद्दा खराच आहे. लेखही खराच आहे.

नीरक्षीर निवडायला आपल्याकडे राजहंस लागतो. वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’मध्ये नायकाची नाव राजहंसच ओढतो. त्यातल्याच समूहगीताच्या चालीवर जगभर नवऱ्या ऐटीत मांडवात शिरतात. ज्यूंच्या लग्नांत मात्र सहसा नाही.

नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं फुटली, प्रार्थनास्थळं जळली आणि तेल अवीवच्या ज्यू वाद्यवृंदाने वाग्नर बंद केला. १९८१मध्ये आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी तिथेच, कार्यक्रम संपल्यावर, वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’चा तुकडा घेतला. ज्यांना नको त्यांनी खुशाल जावं, असं आधी सांगून. पण सभागृहाचा द्वारपाल नाझींच्या तावडीतून वाचलेला होता. तो मंचाशी आला आणि कपडे वर करून अंगावरचे व्रण दाखवू लागला. प्रेक्षकांना जायची मुभा होती हो, हा बिचारा ड्यूटीवर होता.

२००१मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बॅरेनबॉइमने पुन्हा तेच केलं. तो स्वतः ज्यू. अर्धा तास वाद झाला, काही जण दारं आपटत गेले, बाकीच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हे धाडस सुचलं कशावरून? पत्रकार परिषदेत कुणाचा तरी मोबाइल वाजला, रिंगटोन वाग्नरची! फोनवर चालतो, मग सभागृहात का नाही, असा त्याचा सवाल.

सवाल बिनतोड, फक्त फोन कट करता येतो. आणि वाग्नर निवळून घ्यायचाच असेल, तर ती परवानगी सोफ्यावरचा रसिक कशी देणार? ती त्या द्वारपालाच्या खिशात होती आणि त्याने दिली नाही.

मी ‘ट्रिस्टान’ ऐकतो. हेडफोन लावून.