टेबलाखालचा सर्व्हर

लहान कचेरीतला फाइल सर्व्हर म्हणजे बहुधा टेबलाखाली सरकवलेला जुना पीसी, दोन हार्ड डिस्क आणि मालकाचा गाढ विश्वास. रेड-१ मांडणीत दोन्ही डिस्कवर तीच माहिती असते, त्यामुळे एक डिस्क गेली तरी दुसरी काम चालवते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसली जाते. म्हणून बॅकअप वेगळा लागतो: तीन प्रती, दोन माध्यमे, त्यांतली एक प्रत कचेरीबाहेर. प्रत्यक्षात तिन्ही एकाच कपाटात गुण्यागोविंदाने नांदतात. यूपीएसवर मालकाचा मोबाइल चार्ज होतो, सर्व्हर थेट भिंतीतल्या विजेवर. प्रिंटरला आयपी पत्ता कायमचा नेमून द्यावा. नाहीतर राउटर बंद-चालू होताच तो पत्ता बदलू शकतो, आणि शक्यतो ३१ जुलैलाच, प्राप्तिकर विवरणपत्रांच्या गर्दीत. महिन्यातून एकदा तरी बॅकअपमधली एखादी फाइल परत काढून, उघडून पाहावी.