कुऱ्हाड नक्की कुणाची?

सात वर्षांच्या भाचीला झोपवायची पाळी आली तेव्हा प्रस्तुत लेखकाने पोतडीतली सर्वांत बिनधोक गोष्ट काढली: प्रामाणिक लाकूडतोड्या. कुऱ्हाड नदीत पडते, जलदेवी वर येते, सोन्याची दाखवते, चांदीची दाखवते, शेवटी लोखंडाची. गडी खरं बोलतो आणि तिन्ही घेऊन घरी जातो. एव्हाना पोरीचा डोळा लागायला हवा होता.

"पण तो झाडं का तोडतो?"

लेखकाने घाईघाईने त्याला वाळक्या फांद्यांवर आणलं.

"आणि सोन्याच्या कुऱ्हाडीने लाकूड तुटतं?"

हा प्रश्न जड होता, अगदी वजनानेही. सोनं लोखंडाच्या जवळजवळ अडीचपट जड. दीड किलोचं लोखंडी पातं त्याच मापात सोन्याचं घडवलं तर साडेतीन किलोच्या वर जाईल. शिवाय ते इतकं मऊ, की बाभळीवर चार घाव पडले की धार दुमडलीच. ती कुऱ्हाड नाकारणारा माणूस प्रामाणिक होता की नुसताच अनुभवी, याचा निकाल त्या रात्री लागला नाही.

गोष्ट इसापाच्या नावावर आहे. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून इसाप आपल्या घरचाच. आपल्याकडे नदीतून सहसा देवी निघते. ग्रीक गोष्टीत मात्र बुडी मारतो तो हर्मिस. हे महाशय चोरांचे देव! जन्मले त्याच दिवशी त्यांनी थोरल्या भावाच्या, अपोलोच्या गायी पळवल्या, माग लागू नये म्हणून त्यांना उलटं चालवलं आणि वर बापासमोर कानांवर हात ठेवले. खरेपणाची तोंडी परीक्षा घ्यायला ग्रीकांनी नेमला तो हा परीक्षक. देवी आणून आपण गोष्ट सोज्वळ केली, पण तिच्यातली सगळ्यात खमंग फोडणीच काढून टाकली.

फ्रेंचांनी फोडणी वाढवली. राब्लेने 1552 मध्ये ही गोष्ट आपल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत घुसवली (त्यातले बाकीचे विनोद भाचीला सांगण्याजोगे नाहीत). त्याचा लाकूडतोड्या गबर होतो, आणि मग गावभर कुऱ्हाडी हरवण्याची साथच येते. कंगाल सरदार तलवारी विकून कुऱ्हाडी घेतात, कशाला, तर हरवायला! प्रत्येक जण सोन्याची उचलायला वाकतो आणि तिथेच त्याचं मुंडकं उडतं. पुढे 1668 साली ला फोंतेनने शिक्षा सौम्य केली: डोक्यात एक सणसणीत टोला. शंभर वर्षांत एवढी सुधारणा काही कमी नाही.

हा सगळा इतिहास लेखक रंगात येऊन सांगत असतानाच भाची ताडकन उठून बसली. "अरे मामा, ही तर डोरेमॉनमधली गोष्ट!"

खरंच होती. जपानी कार्टूनमध्ये दांडगट जियान झऱ्यात पडतो, देवी एक देखणा जियान वर काढून विचारते, हाच का तुमचा? मित्र इमानाने सांगतात, नाही हो, आमचा याच्याहून ओबडधोबड आहे. बक्षीस म्हणून देखणा त्यांच्या गळ्यात पडतो आणि खरा पाण्यातच राहतो. खरं बोलून खरा मित्र गमावल्याची कथा इसापालाही सुचली नव्हती.

"मामा, लोखंडाची कुऱ्हाड त्याची आहे, हे देवीला माहीत होतं ना?"

"असणारच. देवी ती."

"मग ती मुद्दाम सोन्याची का दाखवत होती?"

लेखकाने दिवा मालवला, कूस बदलली आणि घोरायला सुरुवात केली.

"मामा, तू झोपलेला नाहीस."